पॉलिशला दिलेलं दार

माझी मामी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं अर्धगोल भोक. त्या भोकाशी तोंड नेऊन माणसं दिवसभर सांगत असतात, की आमच्याकडे पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, आणि गढूळ नसेल तेव्हा शेजाऱ्याकडे जास्त येतं. 'होईल' म्हणायचं नाही आणि 'होणार नाही' असंही म्हणायचं नाही, असा त्या खिडकीचा रिवाज. मामी फक्त म्हणते, "नोंद घेतली." संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिथे आम्ही तिघं पुरुष टपलेले असतो. मामा, मामाचे वडील म्हणजे माझे आजोबा, आणि मी. आमच्यात आणि तिच्यात काच नाही, एवढाच काय तो फरक.

मी त्यांच्याकडे आलो ते 'नोकरी लागून खोली मिळेपर्यंत' म्हणून. नोकरी लागली. खोलीचं बघतोय. मामी मला 'भाडेकरू' म्हणते. भाडं न देणाऱ्या माणसाला हे नाव कुठे लागतं, ते तिला बरोबर ठाऊक आहे.

मामा सुतार आहे. कपाटं, पलंग सगळंच करतो, पण त्याचा जीव दारांत. दार कसं बसलंय हे तो डोळ्यांनी बघत नाही, कानांनी ऐकतो. घराच्या मागच्या खोलीला त्याने स्वतः केलेलं एक दार होतं. ते लावलं की 'फुस्स' करून हवेचा एक उसासा यायचा आणि मग पलीकडचा आवाज जवळजवळ बंद. पाहुण्यांना चहाच्या आधी तो ते दार लावून-उघडून दाखवायचा. चहा गार झाला तरी चालेल, पण उसासा ऐकल्याशिवाय सुटका नाही.

ती खोली पूर्वी लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची होती. मामीने एका सुट्टीच्या दिवशी सगळे तुकडे अंगणात काढले, जमिनीवर रबरी चटई घातली, खिळ्यांच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि जाहीर केलं, "रोज संध्याकाळी अर्धा तास मी घरात नाही."

"कुठे जाणार?" आजोबा म्हणाले.

"मागच्या खोलीत."

व्यायाम म्हणजे हात वर, हात खाली, असला नव्हे. मोबाईलमधली एक बाई कुठल्याशा भाषेत बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि मामी उड्या मारायची. बैठकीतून उडी, जमिनीवर हात टेकून पाय मागे फेकून परत उडी, पालथं पडून कोपरांवर थरथरत राहणं, आणि पुन्हा उडी. आम्ही त्या बाईचं नाव 'किंचाळी' ठेवलं होतं. किंचाळीचं बोलणं मामीला निम्मंच कळायचं, पण तेवढ्यावर ती भांडू शकायची. दाराला कान लावला की पुसटसं ऐकू यायचं, "हो गं बाई, मारते उडी! तुझ्या घरी भांडी कोण घासतं ते सांग आधी!"

आवाज दाराने अडवला तरी धक्का कसा अडवणार? मामीची उडी उतरली की स्वयंपाकघरातल्या फळीवर, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण किणकिणायचं. धप्प, किण. धप्प, किण. आम्ही तिघं ओट्याच्या बाजूला चहा घेत ते ऐकत बसायचो. एकदा आजोबांनी न राहवून बाहेरून हाक मारली, "सूनबाई, माझं गरम पाणी!" आतून धापा टाकत उत्तर आलं, "नोंद घेतली!" त्यानंतर आतून कडी असेपर्यंत कुणी हाक मारायची हिंमत केली नाही.

अर्ध्या तासाने ती बाहेर यायची तेव्हा चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि तोंडावर अशी एक मजा, की जणू कुठेतरी लांब जाऊन आली आहे आणि तिथलं आम्हाला काही सांगणार नाही.

आणि मग ती पेन्सिल.

मामा पेन्सिल कानावर ठेवतो आणि घरभर शोधतो. त्या संध्याकाळी ती खरंच कानावर नव्हती. कुठूनशी घरंगळत मागच्या खोलीत गेली होती. मामीने दार लावलं, कडी घातली, मोबाईल डब्याला टेकवला, आणि किंचाळीने तोंड उघडायच्या आत मामीला चटईच्या कडेला पेन्सिल दिसली. पायाखाली येईल म्हणून ती वाकली. वाकली ती तशीच खाली गेली.

इतक्या उड्या मारलेली पाठ पेन्सिलीसाठी मोडली. पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाने मात्र दोष उड्यांनाच दिला.

मामाला झाकण वाजत नाही हे जाणवायला वेळ लागला. मग त्याने दाराला कान लावला. पलीकडे किंचाळी ओरडत होती आणि तिच्या मागून मामीचा आवाज येत होता, "अहो... अहो..." मामाने धक्का दिला. दार हललं नाही. बिजागऱ्या आतून, कडी आतून, फट म्हणाल तर पोस्टकार्ड जाणार नाही. आयुष्यभर ज्या कामाची त्याने फुशारकी मारली, ते काम त्याच्यासमोर छाती काढून उभं होतं. त्याने ड्रिल आणलं, कडीजवळ गोल भोक पाडलं, त्यातून हात आत घातला, मनगट सोलून घेतलं आणि कडी काढली. स्वतःच्या हातच्या कामाला त्या दिवशी त्याने दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. आजोबा बहिरे नसूनही त्यांनी त्या ऐकल्या नाहीत असं दाखवलं.

ऑपरेशन झालं. मणक्यातली सरकलेली चकती नसेवर दाबत होती, ती काढली. ठीक झालं, असं डॉक्टर म्हणाले. अंथरूण टणक आणि सपाट हवं, मऊ गादीत रुतून झोपायचं नाही, असंही म्हणाले.

आता मामाच्या कारखान्यात फळ्या कमी होत्या का? भिंतीला टेकवलेल्या हव्या तेवढ्या. पण मामी दवाखान्यात असतानाच त्याने मागच्या खोलीचं दार उतरवलं. मी एका बाजूने धरलं होतं म्हणून सांगतो, ते पलंगाच्या चौकटीत बसेना. बोटभर जास्त रुंद. मामाने क्षणभर डोळे मिटले आणि करवत चालवली. दाराची एक कड खाली पडली. मग चौकटीत नीट बसवून, वर पातळ गादी, वर चादर. मागच्या खोलीच्या दाराच्या जागी त्याने फुलाफुलांचा पडदा लावला.

मामी घरी आली. आडवी झाली. पलंगावरून तिला समोरच्या बोळातून थेट तो पडदा दिसायचा.

"दार कुठे गेलं?"

"त्याला भोक पडलं होतं ना," मामा चपळाईने म्हणाला, "बुजवलं, आणि पॉलिशला दिलंय."

"लवकर आणा."

"पॉलिशवाला आहे तो. त्याच्या मनात असेल तेव्हा देईल."

मामाने मला डोळ्यांनी दम दिला. मी भाडेकरू. भाडेकरूने घरमालकाच्या भानगडीत पडू नये.

मग ते लांबलचक दिवस आले. कुशीवर वळायचं ते ओंडक्यासारखं, अख्खं. उठायचं ते आधी कोपर, मग पाय खाली, मग मामाचा खांदा. आधी पलंग ते बोळ, मग बोळ ते अंगण, असं चालणं. येणारा-जाणारा प्रत्येक जण फळं आणि सल्ला घेऊन यायचा. "आता उड्याबिड्या विसरा हो. चालणं सगळ्यांत चांगलं." तिच्या कचेरीतला टंकलेखक, जो लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावरही जात नाही, तो तर अर्धा तास चालण्याचे फायदे सांगत खुर्चीत बसून होता. मामी सगळ्यांना म्हणायची, "नोंद घेतली."

संध्याकाळ झाली, की तिला चैन पडायचं नाही. नेमक्या त्या वेळेला ती मोबाईल हातात घ्यायची, आवाज बंद करायची आणि किंचाळीकडे बघत राहायची. तिकडे मुकी किंचाळी हवेत उडतेय आणि इकडे चादरीखाली मामीचे अंगठे हलतायत. वर, खाली. वर, खाली. कधीकधी डोळे मिटून ती अख्खा व्यायाम मनातल्या मनात करायची. श्वास जोरात यायचा, कपाळावर घाम दिसायचा. मामा बिचारा धावत येऊन पंखा वाढवायचा. आणि स्वयंपाकघरात झाकण पातेल्यावर गप्प. चहा घेताना आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. आजोबा एकदा म्हणाले, "चहात साखर नाही का आज?" साखर होती.

"उड्यांचं एवढं काय आहे गं, मामी?" एकदा मी तिला औषध देताना विचारलं.

तिने गोळी गिळली. पडद्याकडे बघत म्हणाली, "उडी मारली की माणूस हवेत असतो. हवेत असताना कुणी काही मागत नाही."

"मग गोळ्या मागाव्या लागतात."

"भाडेकरू, पाणी आण."

फिजिओ म्हणून एक काडीसारखी मुलगी यायची. दिसायला फुंकर मारली तर उडेल, पण मामीला घाम फोडायची. पाठ, पोट, मांड्या, एकेक स्नायू तिने समजावून उठवला. वाकायचं कसं तेही नव्याने शिकवलं. कमरेतून नाही, गुडघ्यांतून, पाठ सरळ ठेवून, वस्तू अंगाजवळ. हिवाळा सरला, दुपारी पंखा लागायला लागला. एका दिवशी ती म्हणाली, "काकू, आता चटईवर चला. अर्ध्या बैठका, कोपरांवर थोडा वेळ, टाचा उचलणं. उड्या मात्र मी सांगेन तेव्हाच."

"पण सांगशील ना?"

"सांगेन. पाठ चांगली भरतेय तुमची."

त्या संध्याकाळी मामीने केस बांधले. जुनी पॅंट घातली, ती कमरेला सैल झाली होती. पडदा सारून आत गेली. चटई झटकली. मोबाईल खिळ्यांच्या डब्याला टेकवला. पहिली अर्धी बैठक मारायला गुडघे वाकवते, तर पडदा हलला. मामा आत. दोन्ही हात पुढे धरलेले, जणू मामी म्हणजे काठोकाठ भरलेली घागर.

"मी नुसता उभा आहे. तू कर."

मागून आजोबा खुर्ची घेऊन आले आणि मांडून बसले. "पाठ सरळ ठेव, सूनबाई. नाही, आणखी सरळ. त्या बाईची बघ कशी आहे."

मीही तिथेच होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पडद्याला एका बाजूने हात लावून उभा होतो. जेवायला काय करू, हे विचारायचं होतं.

मामीने तिघांकडे पाहिलं. गुडघे सरळ केले. मोबाईल बंद केला. "उद्या बघू," म्हणाली आणि जाऊन पलंगावर पडली.

उद्याही बघितलं नाही, परवाही नाही. ती नुसती चालायची आणि यायची. फिजिओबाई वैतागली. "काकू, पाठ तयार आहे. तुम्हीच तयार नाही."

"मी तयार आहे गं. दार तयार नाही."

"कसलं दार?"

"पॉलिशला दिलंय. सोन्याचं पॉलिश चढवत असावा मेला."

फिजिओबाईने ते काही मनावर घेतलं नाही. म्हणाली, "बरं, आज पलंगावरच करू. पालथ्या व्हा. कडेला सरका. एक हात खाली मोकळा सोडा, पलंगाच्या खालपर्यंत."

मामी पालथी झाली, हात सोडला. बोटं पलंगाच्या चौकटीखाली गेली आणि थांबली. मी कोपऱ्यात इस्त्री करत होतो. मला तिचा चेहरा दिसत होता. बोटं खालून फळी चाचपत होती. पुढे गेली. मागे आली. मग एका गोल भोकात शिरली. भोकाच्या कडा खडबडीत होत्या, घाईने पाडलेल्या भोकाच्या असतात तशा.

"काकू, दुखतंय का?"

मामीचं तोंड उशीत होतं. खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. फिजिओबाईने माझ्याकडे पाहिलं, मी इस्त्रीकडे.

"भाडेकरू," उशीतून आवाज आला, "मी किती महिने दारावर झोपले आहे?"

"मला काय माहीत? मी तर..."

"एका बाजूने कुणी धरलं होतं ते?"

या घरात माझी नोंद आधीच घेतली गेली होती.

मामा संध्याकाळी आला, तेव्हा मामी पलंगावर बसली होती. चादर गुंडाळून बाजूला, गादी अर्धी उचललेली, आणि खाली दार. मामाने पिशवी खाली ठेवली.

"पॉलिश छान झालंय हो," मामी म्हणाली.

मामाने पिशवी पुन्हा उचलली.

"कारखान्यात फळ्या नव्हत्या?"

"होत्या."

"मग?"

"तू आतून हाका मारत होतीस," मामा म्हणाला. "अहो, अहो, करून. आणि मी माझंच दार उघडू शकत नव्हतो. तू पलीकडे जमिनीवर आणि मी इकडे उभा. ते दार परत चढवायचं माझ्याच्याने होईना. ती पेन्सिल पण माझीच."

आजोबा बोळात आले होते, ते आल्या पावली परत गेले. मामीने पदराने दारावरची धूळ पुसली.

"तुम्हाला वाटतं मी उड्यांसाठी झुरतेय. दिवसभर त्या भोकातून लोक, घरी आले की तुम्ही. वाईट नाही हो कुणी. पण अर्धा तास मला कुणी बघायला नको. पडले तरी. रडले तरी. तुमच्या दाराइतकं चांगलं दार मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, आणि तुम्ही ते गादीखाली घातलंत."

मामाच्या कामाची इतकी तारीफ तिने कधी केली नव्हती. तो लाजला, आणि मग त्याला आठवलं. "पण ते कापलंय. बोटभर. आता चौकटीत बसायचं नाही."

"कापलंत?"

"पलंगात बसेना."

"मग जोडा."

"दुसऱ्या लाकडाची पट्टी लावावी लागेल. जोड दिसेल."

"दिसू दे," मामी म्हणाली. "माझाही दिसतो."

सुट्टीच्या दिवशी अंगणात काम निघालं. पलंगाला खरी फळी आली. दाराला पट्टी जोडली, ती फिकट, दार गडद. भोकावर चकती बसवली. मामाने एकच अट घातली होती आणि मामीने ती मान्य केली होती. दार आता बाहेर उघडेल, म्हणजे बिजागऱ्या बाहेर येतील. कडी आतून, तिची. बिजागरीच्या खिळी बाहेरून, त्याच्या. वेळ आलीच तर खिळी ठोकून काढल्या, की दार अख्खं हातात.

मामा पट्टीवर खूण करत होता. किती महिने त्याने पेन्सिल कानावर ठेवली नव्हती, खिशात ठेवायचा. पण कामात लागला की हात आपोआप जातो. पेन्सिल कानावरून सुटली, फरशीवर टप्प वाजली आणि घरंगळत मामीच्या पायाशी जाऊन थांबली.

मामा पट्टी हातात धरून उभा. आजोबांचा कप ओठांपाशी. मी दार धरलेलं, त्यामुळे मला हलताच येत नव्हतं, नाहीतर मीच झेप घेतली असती.

मामीने आमच्याकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं. पाय थोडे फाकवले. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून खाली गेली, सावकाश, अगदी टाचांपर्यंत. पेन्सिल उचलली. आणि तशीच, कुठेही हात न टेकता, वर आली.

"धरा," ती म्हणाली. "आणि आता दार लावा, संध्याकाळ होतेय."

दार लागलं. उसासा पूर्वीसारखा आला नाही. पट्टीच्या बाजूला कुठेतरी बारीक खरखर झाली. मामाने तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी मामी आत गेली. कडी पडली. आम्ही तिघं बोळात. आतून किंचाळी सुरू झाली, पूर्वीपेक्षा स्पष्ट. मग मामीचं काहीतरी पुटपुटणं. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मामा हातोडी घेऊनच उभा होता. त्याचा दुसरा हात हळूच वरच्या बिजागरीच्या खिळीपाशी गेला.

"हात काढा तिथून!" आतून आवाज आला.

मामाने हात काढला. आजोबा म्हणाले, "हिला दिसतं की काय?" आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. आम्हीही गेलो. चहा ठेवला. उड्यांची परवानगी अजून नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी तिघांचे कान फळीकडे. आतून हलकेच टप, टप असं येत होतं. टाचा उचलून खाली ठेवल्याचा आवाज असावा. झाकण पातेल्यावर निवांत.

मामा उठला. काहीतरी घ्यायला उठावं तसा फळीशी गेला. आमच्याकडे पाठ करून त्याने झाकण जरासं पुढे सरकवलं, इतकं, की ते पातेल्याच्या काठावर जेमतेम टेकलेलं राहिलं. मग परत येऊन बसला आणि चहाचा कप उचलला.